आंघोळ, गोळी आणि किल्ली

तिला उचलून थेट आपल्या गाडीत घालू नका. एसटी स्टँडच्या कोपऱ्यात गाठोडं पोटाशी धरून बसलेली, जटा झालेली, स्वतःशीच बोलणारी बाई दिसली की चांगल्या माणसाच्या हातून पहिली चूक हीच होते. एक तर ती घाबरते. दुसरं म्हणजे ती कागदावर कुठेच येत नाही. पुढे तिचं घर शोधायचं असो की तिच्यावर झालेल्या अत्याचाराचा गुन्हा नोंदवायचा असो, प्रत्येक टेबलावर विचारतात, ‘ही आली कुठून?’

म्हणून आधी ११२ ला फोन. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०० नुसार अशा व्यक्तीला संरक्षण देऊन जास्तीत जास्त चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रमुखाचं काम आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. हरवलेली व्यक्ती म्हणून एफआयआर नोंदवून नातेवाईक शोधणंही पोलिसांकडेच. ठाण्यात कुणी ‘आमचं काम नाही’ म्हणालं तर वाद घालू नका, कलमाचा आकडा सांगा. सोबत एखादी बाई असू द्या आणि नोंदीचा क्रमांक लिहून घ्या.

दवाखान्यात मनाच्या आधी शरीर. जखमेत अळ्या आहेत का, ताप आहे का, खोकला जुना आहे का हे डॉक्टरांना पाहायला सांगा. रक्त, साखर, थायरॉइड, क्षय यांच्या तपासण्या होऊ द्या. थायरॉइडचा बिघाड किंवा बी-१२ ची कमतरता असेल तरी माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो. गर्भधारणेची तपासणी राहून जाऊ देऊ नका. दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी निराधार किंवा बेघर व्यक्तीला सरकारी मानसोपचार मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे. कागद नाहीत म्हणून परत फिरू नका.

आता मुक्कामाचा प्रश्न. नगरजवळच्या शिंगवे नाईक इथलं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं ‘माउली’ पाहिलं की यातली अडचण कळते. या दांपत्याची सुरुवात रस्त्यावरच्या लोकांना जेवणाचे डबे पोचवण्यापासून झाली. पण डबा संपला की रात्र उरते, आणि उघड्यावर झोपलेल्या मनोरुग्ण बाईची रात्र कशी जाते ते वेगळं सांगायला नको. मग तिथे बायकांसाठी घर उभं राहिलं. त्यांच्या पोटी आलेली मुलंही तिथेच वाढतात. नुसती गोळी देऊन बाईला पुन्हा फुटपाथवर सोडलं तर गोळी हरवते. नुसतं छप्पर देऊन औषध दिलं नाही तर ते छप्पर कोंडवाडा होतं.

तुमच्या मंडळाला असं घर सुरू करायचं असेल तर ‘आम्ही फक्त निवारा देतो’ या भ्रमात राहू नका. मनोरुग्णांना ठेवून त्यांची काळजी घेणारी कुठलीही जागा कायद्याने मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तिची नोंदणी लागते. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाशी आधी बोला. औषधं आणि डॉक्टरांची फेरी ठरल्याशिवाय पहिली खाट मांडू नका.

पहिल्या दिवशी आंघोळ. नगर जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. १९३६ साली राहुरीला मेहेरबाबांनी अशा लोकांसाठी आश्रम काढला होता आणि तिथे ते त्यांना स्वतः आंघोळ घालत. पाणी कोमट हवं, आडोसा हवा, आंघोळ घालणारी बाईच हवी. तिने नको म्हटलं तर उद्या. केसांबाबत फार घाई होते. उवा झाल्या म्हणून सरसकट डोकं भादरतात, पण कायद्यात सक्तीच्या मुंडणाला स्पष्ट मनाई आहे. उवांचं औषध लावा, बारीक फणी घ्या, गाठी सुटतच नसतील तर तिला विचारून तेवढे केस कापा. स्वतःचे कपडे, पाळीच्या दिवसांतली सोय, आडोसा हेही तिचे हक्क आहेत. साखळीला तर कुठल्याच कारणाने परवानगी नाही. गाठोडं फेकू नका. त्यातल्या एखाद्या चिठोऱ्यावर गावाचं नाव सापडू शकतं.

गोळ्यांची वही ठेवा: कोणती, किती वाजता, कुणी दिली. गुण यायला आठवडे लागतात. त्या काळात वजन, साखर, झोप, हातांची थरथर लिहून डॉक्टरांना दाखवा. ती सावरू लागली की भाजी निवडेल, अंगण झाडेल. पण काम सक्तीचं नको, आणि केलं तर त्याचा मोबदला द्या.

बोलू लागली की पत्ता हळूहळू सुटतो. थेट गाव विचारू नका. बाजार कोणत्या वारी भरायचा, जत्रा कुणाची, नदी कोणती, हे विचारा. घर सापडलं तर आधी व्हिडिओ कॉल करून ओळख पटवा. पाठवताना डॉक्टर देतील तितक्या दिवसांच्या गोळ्या आणि तिकडच्या भाषेत लिहिलेली चिठ्ठी द्या. तिथल्या ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तीला फोन करा. जामखेडला डॉ. आरोळे दांपत्याने १९७० पासून दाखवून दिलं, की गावातलीच बाई शिकवून तयार केली तर दारोदारचं आरोग्य ती सांभाळते. पंधरा दिवसांनी फोन आपण करायचा. त्यांच्या फोनची वाट पाहायची नाही.

सगळ्यांनाच घर परत मिळत नाही. काहींना तिकडे जायचंच नसतं, आणि ते ऐकून घ्यावं. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने अशा चार-पाच जणींच्या गटांना साध्या वस्तीत भाड्याची घरं घेऊन दिली. कार्यकर्ती येऊन-जाऊन असते, औषधं चालू राहतात. आपल्याकडेही हे जमण्यासारखं आहे. भाडेकरार संस्थेच्या नावाने करा, घरमालकापासून काही लपवू नका आणि अडचणीला कुणाला फोन करायचा तो नंबर त्याला द्या. किल्ली मात्र बायकांकडे राहू द्या. दुसरी तुमच्याकडे असली, तरी कडी वाजवूनच आत जा.