गायकाचा उन्हाळा

महाराष्ट्रातल्या शास्त्रीय गायकाचे वर्ष दिवाळी पहाटेला सुरू होते आणि गुढीपाडवा-रामनवमी झाली की उताराला लागते. मधल्या थंडीत बैठकांची रीघ असते. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरातला, आणि त्याच्या आगेमागे गावोगावच्या संगीतसभा. चैत्र सरला की ही रीघ थांबते. तिथून आषाढी एकादशीपर्यंतचा काळ रोजनिशीत मोकळा दिसतो आणि म्हणूनच सगळ्यांना तोच हवा असतो. शिष्यांना सलग तालीम हवी असते, परदेशातल्या आयोजकांना दौरा हवा असतो, घरच्यांना सुट्टी हवी असते. यात घर नेहमी शेवटी येते, कारण घरचे लोक तारीख मागायला फोन करत नाहीत. घरचे दिवस आधी धरावेत आणि उरलेले इतरांना द्यावेत, हाच क्रम पुढे टिकतो. उलट क्रमात घरासाठी दोन विमानांमधले उरलेसुरले दिवस राहतात, तेही झोपेत जातात.

शिष्यांचा प्रश्न तुलनेने सोपा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे एक सत्र एप्रिल-मेमध्ये असते. ते आटोपल्यावर आठवडाभराचे शिबिर घेतले, की दौऱ्याच्या काळात विद्यार्थ्यांच्या हाती पुरेसा अभ्यास राहतो.

परदेश दौऱ्याची तयारी मात्र आदल्या उन्हाळ्यापासूनच करावी लागते. अमेरिकेत मानधन घेऊन गायचे तर पर्यटक व्हिसा चालत नाही. पारंपरिक कला सादर करणाऱ्यांसाठी पी-३ हा वर्ग आहे. त्याचा अर्ज गायकाला स्वतः भरता येत नाही. तिथल्या आयोजकाने किंवा प्रतिनिधीने तो भरायचा असतो, आणि तो कार्यक्रमाच्या आधी वर्षभरापासून भरता येतो. तबला आणि पेटीच्या साथीदारांचे कागदही त्याच वेळी मार्गी लावावेत. पती किंवा पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले यांना पी-४ वर सोबत नेता येते; त्यांना तिथे नोकरी करता येत नाही.

तारखा ठरवताना सर्वांत मोठा धोका पहिल्या कार्यक्रमाचा. प्रस्तुत लेखिकेच्या एका दौऱ्यात आयोजकांनी विमान उतरले त्याच संध्याकाळी बैठक ठेवली होती. भारत आणि अमेरिकेचा पूर्व किनारा यांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे शरीराच्या लेखी पहाटेचे साडेचार. विलंबितात षड्ज ठरेना, तार षड्जापर्यंत जाताना दम पुरेना. आवाज रेटून बैठक पार पडली, पण दुसऱ्या दिवशी गळा बसला आणि पुढच्या शहरातला कार्यक्रम रद्द झाला. विमानातल्या कोरड्या हवेत बारा-पंधरा तास काढलेल्या गळ्यावर झोप नसताना ताण देणे कोणत्याही वयात महागात पडते. उतरल्यावर किमान दोन दिवस मोकळे राहतील, ही अट पहिल्याच पत्रात लेखी असावी.

तिकडचे श्रोते शनिवार-रविवारीच मोकळे असतात, त्यामुळे कार्यक्रम आठवड्याच्या शेवटी येतात. सोमवार ते गुरुवार हा काळ आयोजक कार्यशाळा आणि घरगुती बैठकांनी भरून टाकू पाहतात. कुटुंब सोबत असेल तर त्यातले दोन दिवस निक्षून राखावेत. रोज नव्या यजमानांच्या दिवाणखान्यात शहाण्यासारखे बसून राहणे, ही मुलांची सुट्टी नव्हे.

गाण्याच्या अंगाने या दौऱ्यांत एक फार मोलाची गोष्ट मिळते, तिची चर्चा कमी होते. जूनच्या अखेरीस लंडनमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो. पुण्यात तो सव्वासातच्या सुमारास बुडतो. त्यामुळे लंडनला सात वाजता बैठक सुरू करताना खिडकीबाहेर लख्ख ऊन असते. अशा वेळी घड्याळ पाहून यमन लावायचा, की आकाश पाहून राग निवडायचा? आकाश पाहावे. भीमपलासी किंवा मुलतानीने आरंभ करावा आणि उजेड कलताना मारवा, पूरिया किंवा श्रीकडे वळावे. मुंबई-पुण्याच्या संध्याकाळच्या मैफलींत दुपारच्या रागांना जागाच उरत नाही; तिकडे ते तास-तासभर निवांत मांडता येतात, आणि संधिप्रकाशाचा राग खऱ्या संधिप्रकाशात गाता येतो.

तंबोऱ्याची काळजी हा स्वतंत्र विषय आहे. लाकूड आणि भोपळा हवेप्रमाणे आकसतात, फुगतात. प्रवासाआधी तारा सैल कराव्यात, पण पूर्ण सोडू नयेत, नाहीतर घोडी जागची हलते. पोचल्यावर पेटारा उघडून वाद्य काही तास खोलीतच राहू द्यावे आणि मगच सुरावर चढवावे. वातानुकूलित सभागृहाच्या कोरड्या हवेत खुंट्या घसरतात. खुंटीला खडू चोळला की ती धरते. मग जवारीचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत खर्जाची तार छेडत राहावे. दोरा जागेवर आला की तार एकदम खुलते आणि तिच्यातून गंधार स्वच्छ ऐकू येऊ लागतो. हे काम मंचावर, दिवे लागल्यानंतर करावे. मोबाइलमधला तंबोरा मुक्कामावरच्या रियाजाला ठीक. बैठकीत मात्र गायकाच्या मागे खरी तार हवी. आजोबांच्या वेळच्या तंबोऱ्याची घोडी हस्तिदंती किंवा सांबरशिंगाची असेल, तर तो घरीच ठेवावा. वन्यजीव संरक्षणाचे कायदे भारत आणि अमेरिका या दोन्ही देशांत कडक आहेत आणि सीमाशुल्काच्या टेबलावर भावनेचा उपयोग होत नाही.

घरच्या सुट्टीत रियाज पूर्ण बंद ठेवावा, असे सांगणारे काही जण आहेत. तसे करू नये. कोकणात आजोळी असतानाही पहाटे घर जागे होण्याआधी तासभर खर्ज भरावा. त्यानंतरचा सगळा दिवस आंब्यांचा, पोरांचा आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसण्याचा. सुट्टीत बैठका स्वीकारू नयेत, ओळखीच्यांच्या आग्रहाच्या तर मुळीच नाहीत.

परतीचा हिशेब पंचांगाशी आहे. आषाढीच्या आसपास अभंगवाणीचे कार्यक्रम लागतात आणि एकादशीनंतर चारच दिवसांत गुरुपौर्णिमा येते. त्या दिवशी शिष्य गुरूच्या दारी येतात आणि गायकालाही आपल्या गुरूंच्या घरी जायचे असते. आषाढीची तारीख दरवर्षी सरकते: ती २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे मोठे कार्यक्रमही पुष्कळदा याच आठवड्यांत येतात. म्हणून परतीचे तिकीट काढण्यापूर्वी पंचांग उघडावे, आणि गुरुपौर्णिमेच्या निदान चार दिवस आधी घरी पोचावे.