जाहिरातीत पगारच नाही

प्रश्न : मी बी.कॉम. झालो आहे. पुण्याच्या एका कंपनीच्या जाहिरातीत पगारासमोर फक्त ‘योग्यतेनुसार’ असं छापलंय. पदरचे पैसे खर्चून मुलाखतीला जावं का?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : पगार कळल्याशिवाय गाडीत बसू नका. आधी फोन करून सरळ विचारा, “या जागेसाठी किती ते किती?” त्यात संकोच कसला? 2023च्या तलाठी भरतीत 25,500 ते 81,100 ही वेतनश्रेणी जाहिरातीतच होती. खासगी मालकांवर आपल्याकडे तशी सक्ती नाही. युरोपीय संघाने मात्र 2023च्या निर्देशात उमेदवाराला पगाराची बोलणी होण्याआधी पगार किंवा त्याची श्रेणी कळवणं बंधनकारक ठरवलं. आपल्याकडेही हे व्हायलाच हवं.

आकडा सांगितला, तरी तो कोणता ते विचारा. ‘वर्षाला तीन लाखांचं पॅकेज’ म्हणजे महिना पंचवीस हजार, असं समजून मुलं पुण्यात खोली घेतात आणि पहिल्याच महिन्यात अडकतात. त्या तीन लाखांत बहुधा मालकाने भरायचा पीएफ आणि कधी ग्रॅच्युइटीही धरलेली असते. शिवाय पीएफसाठी तुमचा 12 टक्के हिस्सा कापला जातो तो वेगळाच. म्हणून ‘हातात किती’ हे ईमेलवर लेखी मागा.

पुण्याखेरीज तुमच्याच जिल्ह्यातल्या खामगाव, मलकापूरच्या एमआयडीसीतही चौकशी करा. तिथे ‘योग्यतेनुसार’ म्हटलं, तरी सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाखाली जाता येत नाही. त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, तेव्हा चालू दर कामगार कार्यालयात विचारून घ्या.

आणि कुणी ‘नोंदणी फी’ मागितली, तर एक रुपयाही देऊ नका.