दुचाकीला नोंदणीचे स्टिकर लागते का?

प्रश्न : नांदेडला नोंदलेली (एमएच २६) जुनी मोटारसायकल लातूरमध्ये वापरात आहे. तिच्यावर नोंदणीचे स्टिकर लावणे बंधनकारक आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ‘तिसरे नोंदणीचिन्ह’, म्हणजे काचेवर आतून चिकटवायचे आणि काढू जाताच फाटणारे होलोग्राम स्टिकर, मोटारींसाठी असून दुचाकींना त्यातून वगळले आहे. दुचाकीला मात्र पुढे व मागे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी (एचएसआरपी) आवश्यक असते. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना ती उत्पादकाकडूनच मिळते, तर त्यापूर्वीच्या वाहनांना ती मालकाने बसवून घ्यावी, असा महाराष्ट्रात नियम आहे. ॲल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राचा २० मिलिमीटरचा चौकोनी होलोग्राम आणि लेझरने कोरलेला ओळखक्रमांक असतो, तसेच ती एकदाच बसणाऱ्या ‘स्नॅप लॉक’ने जखडली जात असल्याने चोरट्याला सहजासहजी बदलता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार क्रमांकाच्या पाटीवर नक्षीदार अक्षरे, नावे वा चित्रे चालत नाहीत. म्हणून ‘दादा’, ‘भाऊ’ अशी वळणदार अक्षरे काढून टाकावीत, कारण अपघातानंतर पळणारे वाहन सुवाच्य क्रमांकावरूनच ओळखता येते.