सभासद शिक्षण : बिल जमा, पण हातात नाही



गेल्या मार्चात आपल्या शेतकी खात्यात एक सभासद वजन पावत्यांचा गठ्ठा घेऊन आले. ऊस जाऊन दोन महिने झाले होते, बिल निघालं होतं, आणि पैसे त्यांच्या खात्यात जमाही झाले होते. काढता मात्र येत नव्हते. “खातं माहं, पैसे माहे, अन् मलेच काहून भेटत नाही बाप्पा?” हा त्यांचा सवाल. त्या वेळी आम्हाला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हा धडा.

घडलं होतं असं. केवायसीची मुदत संपली म्हणून बँकेनं खात्यातून पैसे काढणं थांबवलं होतं. शाखेत गेले तर ‘मोबाईलवरून करून टाका’. मोबाईलवर करायला गेले तर ओटीपी जुन्या नंबरवर, आणि ते सिम रिचार्जवाचून कधीच बंद पडलेलं. ग्राहक सेवेला फोन लावला तर यंत्र बोलतं : एक दाबा, दोन दाबा, मध्ये गाणं, आणि शेवटी ‘आपल्या शाखेशी संपर्क साधा’. घाण्याचा बैल तरी संध्याकाळी सुटतो! तिकडे सोसायटीच्या पीक कर्जाची तारीख तोंडावर आलेली. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत २०२१-२२ पासून तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर व्याज पडत नाही. मुदत हुकली की सवलत गेली. म्हणजे सहा आकड्यांचा ओटीपी न आल्यानं वर्षाचं व्याज बोकांडी बसायची वेळ.

यात बँकेचं काम कोणतं आणि आपलं कोणतं, ते नीट समजून घेऊ.

साध्या, कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दर दहा वर्षांनी नवी करायची असते. रिझर्व्ह बँकेनं १२ जून २०२५ च्या आदेशानं बँकांना असं बांधून दिलं आहे की मुदतीआधी खातेदाराला किमान तीनदा कळवावं आणि त्यातली एक सूचना पत्रानं द्यावी. नाव-पत्ता तोच असेल तर नवे कागद लागत नाहीत, ‘काही बदल नाही’ असं लिहून दिलेलं पुरतं. ते बँकेच्या कोणत्याही शाखेत चालतं, गावातल्या बँक मित्राकडंही देता येतं. तेव्हा ‘हे फक्त मोबाईलवरच होतं’ असं कोणी सांगितलं तर तिथून उठू नका. तुमचं म्हणणं लेखी द्या.

आपली चूक मात्र मोबाईल नंबराची. गाय विकली तर चार जणांना सांगतो, नंबर बदलला तर बँकेला सांगत नाही. पोराच्या नंबरवर खातं जोडलेलं, पोरगा पुण्याला, अन् ओटीपी त्याच्याकडं. हे आपल्या निम्म्या घरांत असेल असा आमचा अंदाज आहे. नंबर स्वतःचा ठेवा आणि तो चालू ठेवा.

दुसरी अडचण आयएफएस कोडची. बँका विलीन झाल्या : देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात, आंध्रा बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत, आणि १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. अशा वेळी शाखेचा कोड बदलू शकतो, आणि आपल्या नोंदीत जुनाच राहतो. कोड अकरा जागांचा असतो, त्यातली पाचवी जागा शून्याची. तिथं इंग्रजी ‘ओ’ लिहिणारे पुष्कळ भेटतात. एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जातात, नाव जुळवून पाहिलं जात नाही, म्हणून एक आकडा चुकला तर रक्कम भलत्याच्या घरी. बिल दिसलं नाही तर आपल्या हिशेब खात्याकडून यूटीआर क्रमांक मागून घ्या. तो क्रमांक हाती असला की बँकेला ‘पाहतो’ म्हणून टाळता येत नाही.

आणि ग्राहक सेवेचा नंबर मोबाईलवर शोधू नका. तिथं ठगांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. पासबुकावर किंवा कार्डामागं छापलेला तेवढाच खरा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, द्यायलाच लागतो. एवढं घरातल्या बायाबापड्यांनाही सांगून ठेवा. तरी पैसे गेलेच तर आधी १९३० ला फोन, मग बँकेला. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं ठरलं की चूक बँकेची नाही, खातेदाराचीही नाही, तिसऱ्यानंच चोरी केली, आणि बँकेचा संदेश आल्यावर तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर खातेदारावर तोशीस नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. एटीएममधून नोटा निघाल्या नाहीत पण खात्यातून वजा झाल्या, तर २०१९ च्या नियमानं पाच दिवसांत परत, नाहीतर पुढं दिवसाला शंभर रुपये भरपाई.

तक्रार तोंडी करू नका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर नाही, किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माहितीसाठी फोन १४४४८. आपल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका पूर्वी या योजनेत नव्हत्या, १ नोव्हेंबर २०२५ पासून त्याही आल्या.

त्या सभासदानं पोच घेतली, चौथ्या दिवशी खातं सुटलं आणि कर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी भरलं गेलं. त्यांच्याच अर्जावरून नमुना करून प्रत्येक गट ऑफिसात ठेवला आहे. पासबुक आणि चालू मोबाईल घेऊन या, चिटबॉय भरून देतील.