मोटार जळाली : भरावी की नवी घ्यावी?



उन्हाळा तोंडावर आला की गट कार्यालयात खताबियाण्यापेक्षा मोटारीच्याच गोष्टी जास्त निघतात. सुरू उसाला फुटवे येत असतात, आडसालीची कांडी धरत असते आणि नेमकी त्याच वेळी मोटार बंद पडते. आठ-दहा दिवसांची पाळी वीस दिवसांवर गेली, तर त्या काळात तयार होणारी कांडी आखूड राहते. पुढे कितीही पाणी आणि खत दिले तरी ती लांब होत नाही, आणि गळितात काट्यावर ते दिसते. म्हणून मोटारीचा विषय हा ऊसवाढीचाच विषय समजून येथे मांडत आहे.

मोटार चालू होत नाही म्हणजे ती जळालीच, असे धरून चालू नये. पुष्कळ वेळा मोटार चांगली असते आणि दोष दुसरीकडेच असतो. बटण दाबल्यावर मोटार नुसती घूं घूं करते पण फिरत नाही, तर बटण लगेच सोडावे. तीन फेजपैकी एक आलेला नसतो. डीपीवरचा किंवा आपल्या किटकॅटचा फ्यूज गेलेला असतो. मोटार मुळीच आवाज करीत नसेल तर स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले पडला आहे का ते पाहावे. तो थोडा निवल्यावर पुन्हा बसवता येतो, पण वारंवार पडत असेल तर त्याचा आकडा वाढवून ठेवू नये. तो मोटार वाचवण्यासाठीच पडत असतो.

मोटार फिरते पण पाणी कमी येते, ही तक्रार वेगळी. डीपीवर काही काम होऊन गेले असेल तर फेज बदलून मोटार उलटी फिरत असण्याचा संभव असतो. उलटा फिरणारा पंपही थोडेफार पाणी देतो, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही. तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल केल्या की काम भागते. विहिरीवरच्या मोनोब्लॉकचे पाणी सारखे उतरत असेल तर फूटव्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकलेला असतो, नाहीतर सक्शनच्या जोडातून हवा ओढली जाते. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे हा दोष नव्हे. दोरी ओली आणि थंड राहण्यासाठी ते लागतेच. थेंब बंद करण्यासाठी ग्लँड करकचून आवळला की शाफ्ट खाल्ला जातो. खरखर आवाज आला तर बेअरिंग बदलावी. तो खर्च किरकोळ आहे, पण तसेच दामटले तर रोटर घासून मोठा खर्च उभा राहतो.

हे सर्व पाहताना मेन स्विच बंद करावा. डीपीवर आपण स्वतः चढू नये, वायरमनला बोलवावे.

आता मोटार खरोखरच जळाली आहे असे धरू. येथे आपले लोक घाई करतात. मोटार गाडीत घालतात, भरायला देतात, चौथ्या दिवशी आणून बसवतात आणि महिन्याभरात ती पुन्हा जळते. दोष वाइंडिंगवाल्याला दिला जातो, पण जळण्याचे कारण विहिरीवरच राहिलेले असते. म्हणून मोटार उघडल्यावर जुनी तार काढण्यापूर्वी ती आपल्यासमोर दाखवायला सांगावी. काही गट काळे आणि मधले गट चांगले असे दिसले, तर मोटार दोन फेजवर चाललेली आहे. स्टार जोडणीत अशा वेळी दोन फेजचे गट जळतात, डेल्टा जोडणीत बहुधा एकाच फेजचे. अशा ठिकाणी भरणावळीबरोबर सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवला नाही तर पैसे पाण्यात गेले. प्रिव्हेंटर आहे पण 'सारखा बंद पाडतो' म्हणून डायरेक्ट करून ठेवलेला आहे, हेही बऱ्याच पेट्यांत दिसते. सगळेच वाइंडिंग सारखे काळे पडले असेल तर कमी दाब, अडकलेला पंप किंवा फार ओझे हे कारण असते. दाब कमी झाला की मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापते. व्होल्टमीटरचा काटा ३५० च्या खाली दिसत असेल तर त्या वेळेला मोटार बंद ठेवलेली बरी. साधारण हिशोबाने मोनोब्लॉकला एका एच.पी.स दीड अँपिअर लागतो, म्हणजे ५ एच.पी.ला साडेसातच्या आसपास. नक्की आकडा मोटारीच्या पट्टीवर असतो, तो वाचून ठेवावा. सिंगल फेज असताना कंडेन्सर लावून तीन फेजची मोटार चालवण्याची जी युक्ती गावोगाव चालते, तिनेही कितीतरी मोटारी खाल्ल्या आहेत.

मग भरावी की नवी घ्यावी? याचे उत्तर मोटारीत शोधू नये, पाण्यात शोधावे. २०० लिटरचे बॅरल पाइपाखाली धरून घड्याळ लावा. ते २५ सेकंदांत भरले तर पंप सेकंदाला ८ लिटर पाणी देतो, ४० सेकंद लागले तर ५ लिटर. एका एकराला तीन इंच पाणी द्यायचे म्हणजे सुमारे ३ लाख ८ हजार लिटर होते. पहिल्या पंपाला त्यासाठी पावणेअकरा तास लागतात, दुसऱ्याला सतरा तास. वीज दिवसाला आठ तास धरली तर चार एकरांचे भिजवणे पहिला पंप साडेपाच दिवसांत उरकतो आणि दुसऱ्याला साडेआठ दिवस लागतात. साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून वीजबिल माफ झाले, तेव्हापासून 'पंप वीज जास्त खाईना का' असे बोलले जाते. पण तास काही वाढलेले नाहीत. झिजलेला पंप बिल वाढवत नसला तरी पाळी लांबवतो.

तेव्हा मोटार जळाली पण पंप बॅरल वेळेत भरत होता, पहिल्यांदाच किंवा दुसऱ्यांदा जळाली, आणि भरणावळ नव्या पंपाच्या निम्म्याच्या आत आहे, तर खुशाल भरून घ्यावी. बॅरलचे सेकंद वाढले असतील तर आधी पाणीपातळी खोल गेली आहे का, फूटव्हॉल्व्ह साफ आहे का, ते पाहावे. मग इंपेलर काढून बघावा. नुसता इंपेलर बदलूनही पंप पूर्ववत होतो. पण इंपेलरबरोबर पंपाचे घरही आतून खाल्लेले आहे आणि मोटार तीनदा भरलेली आहे, तर माझ्या मते तिच्यावर आणखी रुपया घालू नये. जुनी तार काढण्यासाठी दर वेळी मोटार भाजतात. त्या उष्णतेने आतल्या लोखंडी पत्र्यांवरचा लेप खराब होतो आणि मोटार दर खेपेला जास्त तापू लागते. भरायला देताना तारेचा गेज आणि वेढे पूर्वीइतकेच राहतील हे बजावून सांगावे. निघालेली तांब्याची तार वजन करून हिशोबात धरायला लावावी. तांबे काही फुकट नसते.

घरातल्या यंत्रांनाही हाच न्याय लागू आहे. मिक्सर एकदम बंद पडला तर तळाशी असलेले लाल बटण आधी दाबून पाहावे; जादा ओझ्याने ते बाहेर आलेले असते. ठिणग्या दिसत असतील तर कार्बन झिजला, तो थोडक्यात बदलून मिळतो. पंखा मंद फिरतो त्याचे कारण बहुधा कंडेन्सर. फ्रिज थंड करीत नसेल तर दाराचे रबर आणि मागच्या जाळीवरची धूळ आधी पाहावी, गॅस भरण्याची गोष्ट नंतर. दुकानदार 'आता नवाच घ्या' म्हणाला, म्हणून लगेच घेऊ नये.

नवा पंप घेताना शेजाऱ्याने ५ एच.पी. घेतला म्हणून आपणही तोच घ्यावा, असे करू नये. पाण्याची उन्हाळ्यातली पातळी, शेतापर्यंतचा चढ आणि पाइपाची लांबी लिहून न्यावी. या तिन्हींवरून हेड ठरते आणि हेडवरून पंप. पाणी जमिनीपासून वीस-बावीस फुटांपेक्षा खोल जात असेल तर वर बसवलेला मोनोब्लॉक ते नीट ओढणार नाही, सबमर्सिबलच लागेल. पाण्याने भरण्याची सबमर्सिबल मोटार सोडण्यापूर्वी तिच्यात स्वच्छ पाणी काठोकाठ भरले आहे ना, ते स्वतः उभे राहून पाहावे. आणि बसवल्या दिवशीच बॅरलचे सेकंद, अँपिअर आणि पाण्याची खोली स्टार्टरच्या पेटीत आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावी. पुढल्या वर्षी पाणी कमी वाटले तर तेच आकडे वाइंडिंगवाल्याला दाखवता येतील.