घरचं खत फुकट पडतं का?

कचरा घरचा, म्हणून खत फुकट, असा हिशेब गच्चीवर भाजी लावणारे बहुतेकजण मांडतात. पैसे जातात ते कचऱ्यासोबत लागणाऱ्या बाकीच्या वस्तूंवर. खालचे भाव पुण्यातल्या किरकोळ खरेदीचे, ढोबळ धरावेत.

आधी डबा. मातीचे तीन मजली कंपोस्ट संच हजारांच्या घरात जातात. गॅलरीत शोभतात खरे, पण भंगारवाल्याकडची रंगाची वीस लिटरची बादली पन्नास-साठ रुपयांत तेच काम करते. तापल्या खिळ्याने तळाला आणि बाजूंना भोकं पाडायची, खाली जुनं ताट ठेवायचं. एक भरून मुरत असताना दुसरी लागते, म्हणून दोन घ्या. विरजण म्हणून विकतात ती पावडर मात्र घेऊ नका. मूठभर जुनं खत किंवा वाटीभर आंबट ताक पुरतं.

खरी गोम सुक्या भरावात आहे. ओल्या कचऱ्याच्या थरावर निदान तेवढाच कोरडा थर हवा, नाहीतर वास सुटतो, अळ्या होतात. कोकोपीटची पाच किलोची वीट दोनशेच्या आसपास मिळते आणि रोजच्या वापरात दोनेक महिन्यांत संपते. म्हणजे महिना शंभर रुपये. आता उत्पन्न बघा. चौघांच्या घरात रोज अर्धा-पाऊण किलो ओला कचरा निघतो. कुजून तो चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतो, म्हणजे महिन्याच्या कचऱ्याचं तीन-चार किलो खत, तेही दीड-दोन महिन्यांनी. नर्सरीत गांडूळखत पंचवीस-तीस रुपये किलो धरलं तर वाचले शंभर रुपये. कोकोपीटने ते तिथल्या तिथे खाल्ले! म्हणून कोकोपीटऐवजी सुका पाला वापरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात तो पडतो आणि बऱ्याच ठिकाणी तो पेटवून देतात. झाडलोट करणाऱ्या मावशींना सांगून चार-पाच गोण्या भरून ठेवा. हाताने चुरून घातला की लवकर कुजतो.

शेण-गोमूत्राचं पातळ खत म्हणजे जीवामृत, त्याचा खर्च किरकोळ. वीस लिटर पाण्यात किलोभर ताजं शेण, लिटरभर गोमूत्र, दोनशे ग्रॅम गूळ, तेवढंच बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. गूळ-बेसन मिळून पस्तीस-चाळीस रुपये. शेण-गोमूत्र जवळच्या गोठ्यातून. दुकानातला बाटलीबंद गोमूत्र अर्क आणू नका, तो ऊर्ध्वपातन केलेला असतो आणि महागही पडतो. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दोन-तीन दिवसांनी दहापट पाणी घालून द्या आणि आठवड्यात संपवा. दहा कुंड्यांना वीस लिटर फार होतं, पाव मापाने करा.

टोमॅटो, वांगी, मिरची फुलावर आली की नुसत्या कंपोस्टवर भागत नाही. इथे पैसे खर्च करावेत असं माझं मत. पशुखाद्याच्या दुकानातल्या शेंगदाणा पेंडीत सात टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, कंपोस्टमध्ये जेमतेम एक-दीड टक्का. शंभर ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात दोन दिवस भिजवा, गाळा, दहापट पाणी घाला आणि पंधरवड्याने झाडामागे एक तांब्या द्या. किलोभर पेंड पन्नास-साठ रुपयांत येते आणि लहान बागेला बरेच महिने जाते. सुकी पेंड कुंडीत टाकली तर मुंग्या आणि उंदीर तुमच्या आधी पोहोचतात. अंड्याची टरफलं मिक्सरमधून बारीक करून घाला, पण त्यातलं कॅल्शियम फार हळू सुटतं. या हंगामात फरक दिसणार नाही. केळीच्या साली भिजवत बसू नका, सरळ कंपोस्टच्या बादलीत टाका.

युरियाशी तुलना करून कुणी चिडवलं तर चिडू नका. 45 किलोची अनुदानित गोणी 266.50 रुपयांना आणि तिच्यात 46 टक्के नत्र. नुसत्या नत्राच्या भावात गांडूळखत शंभरपट महाग ठरतं. पण गांडूळखताने कुंडीतली माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, त्याची किंमत या हिशेबात येत नाही.

पुणेकरांना आणखी एक सोय आहे. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारणाचा प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात 5 ते 10 टक्के सवलत देते. सोसायटीच्या कोपऱ्यातला गांडूळखताचा खड्डा बंद पडला असेल, तर पुढचं बिल येण्याआधी तो चालू करून घ्या.