फॉर्म भरला, पण कोणता?

देहदानाचा फॉर्म भरला की डोळे, मूत्रपिंडं, यकृत सगळं त्यात आलं, असं आमचे थोरले मामा समजत. ते समजत म्हणून आम्हीही. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघाच्या एका कार्यक्रमात त्यांनी तो भरला, वैद्यकीय महाविद्यालयाचं कार्ड पाकिटात ठेवलं आणि विषय संपवला. मामींना एवढंच ठाऊक होतं की यांनी कसलासा फॉर्म भरलाय.

मग महामार्गावर त्यांच्या स्कूटरला अपघात झाला. डोक्याला जबर मार, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर. मेंदूचं काम थांबल्याची चिन्हं आहेत, चाचण्या करून खात्री करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मामींनी पाकिटातलं ते कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. त्या कार्डाचा तिथे काही उपयोग नव्हता. अपघात म्हणजे पोलीस केस, म्हणजे शवविच्छेदन, आणि शवविच्छेदन झालेला देह महाविद्यालयं स्वीकारत नाहीत. अवयव मात्र देता आले असते. आणि नेमकं त्याबद्दल मामा घरात कुणाशीच बोलले नव्हते.

ही तीन दानं तीन वेगळ्या परिस्थितींतली आहेत, हे मला त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात कळलं. नेत्रदान मरण कुठेही आलं तरी होतं, घरीसुद्धा. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला लगेच कळवावं लागतं एवढंच. देहदान नैसर्गिक मृत्यूनंतर, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी. आधी नेत्रदान केलेलं असेल तरी महाविद्यालयं देह घेतात, पण आतले अवयव काढलेला देह सहसा घेत नाहीत. हृदय, फुप्फुसं, यकृत, मूत्रपिंडं यांचं मरणोत्तर दान आपल्याकडे जवळजवळ नेहमीच मेंदूमृत रुग्णाचं होतं, तेही तो रुग्णालयात व्हेंटिलेटरवर असतानाच. घरी झोपेत गेलेल्या माणसाचं मूत्रपिंड कुणाला बसवता येत नाही. म्हणून 'माझं सगळं दान करा' असं सांगून ठेवणाऱ्यांनी हे 'सगळं' एकदा सुटं करून सांगावं.

व्हरांड्यात धाकटे मामा एकच प्रश्न विचारत होते. "छाती हलतीय, अंग गरम आहे, मॉनिटरवर ठोके दिसतायत, आणि तुम्ही म्हणता दादा गेला?" प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता, शिकलेली माणसंही तिथेच अडतात. हृदयाला आपले ठोके देण्यासाठी मेंदूची गरज नसते, त्याची स्वतःची विद्युत यंत्रणा असते. यंत्रानं प्राणवायू पुरवला तर ते काही तास, कधी काही दिवस चालतं. पण श्वास मेंदूच्या मुळाकडून येतो, आणि ते मूळ मेलं की परत येत नाही. कोमातल्या माणसाचं तसं नसतं, त्याचा मेंदू जिवंत असतो.

ही खात्री एकटा डॉक्टर करत नाही. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतलं त्यात कुणीही चालत नाही. बाहुल्या प्रकाशाला दाद देतात का, कानात बर्फाचं पाणी सोडल्यावर डोळे हलतात का, घशाला स्पर्श केल्यावर उबळ येते का, हे पाहतात. शेवटी प्राणवायू चालू ठेवून यंत्राचा श्वास थांबवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढूनही माणूस आपणहून श्वास घेतो का, ते बघतात. सगळ्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतरानं पुन्हा होतात. 'अवयवांसाठी लवकर मारतात' असं म्हणणाऱ्यांना मी हा क्रम आता तोंडपाठ सांगते.

तेव्हा मात्र आमच्यात हे सांगणारं कुणी नव्हतं. धाकटे मामा नाही म्हणत होते, मामेभाऊ दुबईहून फोनवर हो म्हणत होता, मामी म्हणत होत्या, "त्यांनी फॉर्म भरलाय ना, मग मला का विचारता?" विचारावंच लागतं. माणसानं लेखी इच्छा नोंदवलेली असली तरी नातेवाइकांच्या सहीशिवाय आपल्याकडे रुग्णालयं पुढे जात नाहीत. आमचं बोलणं संपेपर्यंत मामांचा रक्तदाब उतरत गेला आणि दुसऱ्या चाचणीआधीच हृदय थांबलं. त्यानंतर तिथल्या समाजसेविकेनं हलक्या आवाजात डोळ्यांचं विचारलं. मामींनी लगेच सही केली.

तर नोंदणीचं. नॅशनल ऑर्गन अँड टिश्यू ट्रान्सप्लांट ऑर्गनायझेशन, म्हणजे दिल्लीची 'नोटो', हिच्या संकेतस्थळावर आधारच्या साहाय्यानं अठरा वर्षांवरील कुणालाही प्रतिज्ञा नोंदवता येते. आधारशी जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, काम चहा निवेपर्यंत होतं. कागदावरच भरायचा तर फॉर्म नंबर सात. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण घरात तोंड उघडल्याशिवाय सही मिळतच नाही. संकेतस्थळावर नोंदवणाऱ्यांनी ही सक्ती स्वतःवर लादून घ्यावी. आणि एकाच माणसाला सांगून थांबू नये. व्हरांड्यात सगळ्यात मोठ्यानं बोलणारा कोण असेल ते आपल्याला ठाऊक असतं. त्याला आधी सांगावं.

बाकीच्या शंका पटकन सांगते. मधुमेह, रक्तदाब, वय यांवरून स्वतःला बाद करू नका, कोणता अवयव चालेल ते त्या वेळी डॉक्टर ठरवतात. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी डोळे चालतात. देह टाके घालून नीट परत मिळतो, अंत्यसंस्कार रीतसर होतात. अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर पडत नाही. पोलीस केस असली तरी पोलिसांच्या आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीनं अवयवदान होतं. अवयव कुणाला द्यायचा हे आपण सुचवू शकत नाही; मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय समन्वय केंद्रं प्रतीक्षायादीनुसार ठरवतात. पुढच्या जन्मी आंधळं यावं लागेल ही भीती उरतेच. त्यावर मी दधीचींचं नाव घेते. वाद घालण्यापेक्षा ते बरं पडतं.

घरी मरण आलं आणि नेत्रदान करायचं असेल तर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवा आणि नेत्रपेढीला फोन करा. चमू घरी येतो, त्याचं काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच फ्रिजवर चिकटवून ठेवा, कारण त्या रात्री तो शोधायला कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. देहदानाचा फॉर्म भरलेल्यांनी महाविद्यालयाला एक फोन करून विचारावं: रात्री किंवा रविवारी मृत्यू झाला तर देह घेता का, गाडी कुणी आणायची, कोणत्या आजारात नकार देता. क्षयरोग, कावीळ, एचआयव्ही असे संसर्ग असतील तर देह नाकारतात, हे बहुतेकांना ऐन वेळी कळतं.

मामींनी आता नोंदणी केली आहे आणि गणपतीला सगळे जमले असताना सर्वांसमोर वाचून दाखवली. धाकटे मामा अजून तयार नाहीत. "डोळे, किडन्या न्या, पण काळजाला हात लावायचा नाही," म्हणतात. नोंदवताना हवे तेवढेच अवयव निवडता येतात आणि मत बदललं तर नोंद बदलता येते, हे मी त्यांना सांगितलंय. परवा त्यांनी आधारला जोडलेला मोबाइल नंबर कोणता, ते विचारायला फोन केला होता.